काळजातले धस्स आणि जिवाचा घोर

मराठी भाषेने भयाच्या दोन अवस्था फार पूर्वीपासून वेगवेगळ्या ओळखल्या आहेत. रात्री अवेळी दार वाजले, खेळते मूल विहिरीच्या काठाकडे धावले, की काळजात धस्स होते. मूल हाती लागते, दाराशी शेजारीच उभा असल्याचे दिसते, आणि घटकाभरात छातीची धडधड निवते. दुसरी अवस्था अशी नव्हे. मुलाची नोकरी गेली आहे, कर्जाचे हप्ते थकले आहेत, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचे रात्रीतून चार वेळा उठून करावे लागते आहे, अशा माणसाच्या जिवाला घोर लागला आहे असे आपण म्हणतो. धस्स होते आणि जाते. घोर मात्र लागतो आणि राहतो.

शरीरशास्त्राने गेल्या शतकात ज्या ग्रंथींच्या अभ्यासातून नेमका हाच भेद उलगडला, त्या अधिवृक्क ग्रंथींची थोडी ओळख करून घ्यावी, आणि त्या निमित्ताने एका नैतिक प्रश्नाचाही विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे. सोसणे हा सद्गुण आहे हे आपण सारे मानतो. परंतु ज्या सोसण्याची किंमत कोणाचे तरी शरीर दिवसागणिक चुकती करीत असते, त्या सोसण्याची नुसती स्तुती करून थांबणे न्याय्य ठरेल काय, असा तो प्रश्न आहे.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन इवल्या ग्रंथी. प्रत्येकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले, पण त्यांचे कार्य काय, हे पुढे जवळजवळ तीनशे वर्षे गूढच राहिले. १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी काही विलक्षण रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. हे रुग्ण दिवसेंदिवस क्षीण होत जात, त्यांची अन्नावरची वासना उडे, कातडी काळवंडे, आणि अखेर ते दगावत. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगाने, पुष्कळदा क्षयाने, नासलेल्या आढळल्या. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार या संशोधकाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की या ग्रंथी काढून टाकल्यास प्राणी जगत नाही. ज्या अवयवाची दखलही कोणी घेत नव्हते, तो जीवनावश्यक ठरला.

या ग्रंथीचे दोन भाग आहेत. आतल्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन स्रवते. काळजात धस्स होते ते त्याच्या योगाने. संकट दिसताच काही क्षणांत हृदयाची गती वाढते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या स्थितीचे वर्णन लढण्याची अथवा पळण्याची तयारी असे केले. ग्रंथीच्या बाहेरच्या सालीतून कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक स्रवते. त्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पोष ग्रंथीला इशारा देतो, पोष ग्रंथी रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथीला निरोप धाडते, आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉलचे प्रमाण वाढू लागते. यकृताने साठवलेली साखर रक्तात उतरते. जखमा भरणे, जंतूंशी दीर्घकाळ झुंजणे, अन्न पचवणे, वंशवृद्धी करणे ही सावकाशीची कामे मागे पडतात. घराला आग लागली असता भिंतींना रंग देत कोणी बसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाचा भाग तिच्या थांबण्यात आहे. रक्तातील कॉर्टिसॉल वाढले की तेच मेंदूला उलट निरोप देते, आता पुरे. मग हुकूम मागे घेतला जातो. एरवीही कॉर्टिसॉलला दिवसाची एक लय असते. सकाळी जाग येण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. शरीराला श्रमाची वेळ जशी नेमून दिलेली आहे, तशी विसाव्याचीही दिलेली आहे.

विसाव्याची ही वेळ येईनाशीच झाली तर काय होते? या प्रश्नाचा पाया हान्स सेलिये यांनी घातला. १९०७ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मलेले सेलिये कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काम करीत होते. त्यांनी उंदरांना नाना प्रकारे पिडले. कोणाला थंडीत ठेवले, कोणाला दमवले, कोणाला इजा केली, कोणाला निरनिराळी विषारी द्रव्ये टोचली. पीडा वेगवेगळ्या होत्या, पण उंदरांच्या शरीरात दिसलेले परिणाम सारखेच होते. अधिवृक्क ग्रंथी सुजून मोठ्या झाल्या होत्या, रोगप्रतिकारासाठी आवश्यक असलेली थायमस ग्रंथी आक्रसली होती, आणि पोटात व्रण पडले होते. जुलै १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले आणि त्यातून एका नव्या शास्त्राचा आरंभ झाला. या प्रतिसादाच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. प्रथम शरीर दचकते, मग तग धरते, आणि पीडा सुरूच राहिली तर अखेर खचते. पुढे त्यांनीच या साऱ्याला पदार्थविज्ञानातला एक शब्द दिला. त्याचा मराठी प्रतिशब्द 'ताण' आता घराघरांत रुळला आहे.

दोराला लागतो तोही ताणच. रहाटाचा दोर भरलेल्या पोहऱ्याने ताणला जातो, पोहरा रिता झाला की सैल पडतो, आणि म्हणून वर्षानुवर्षे टिकतो. भरला पोहरा त्याच्यावर रात्रंदिवस लोंबकळत ठेवला, तर एक एक पीळ उसवत जातो. घोर लागलेल्या शरीराचेही तेच होते. अधिवृक्क ग्रंथीला बाहेरचे जग दिसत नाही. समोर फणा काढलेला नाग आहे की उद्या भरायची फी आहे, हे तिला कळत नाही. मेंदूकडून निरोप आला की ती इमानाने आपले काम करते, आणि निरोप येतच राहिला तर करीतच राहते. मग रक्तदाब चढा राहतो, रक्तातील साखर वाढते, पोटाभोवती मेद साचतो, झोप चाळवते, साध्या आजारातून उठायलाही वेळ लागतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅक्एवन यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागावरही या संप्रेरकाचा थेट प्रभाव असतो. पुढे १९९३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने दीर्घ ताणाने शरीराच्या होणाऱ्या झिजेला जे नाव दिले, त्याचा मथितार्थ 'ओझे' असाच आहे. नामवंत शास्त्रज्ञालाही शेवटी आपल्या आजीच्या तोंडी असलेला शब्दच जवळचा वाटावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ताणाने अधिवृक्क ग्रंथी 'थकतात' आणि अमुक गोळ्या, तमुक चूर्ण घेतल्याने त्यांना पुन्हा तरतरी येते, असा प्रचार अलीकडे फार होतो. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना हे मान्य नाही. या विषयावरील अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीतही अशा थकव्याला आधार सापडला नाही. ॲडिसन यांनी वर्णिलेला आजार खरा आहे, गंभीर आहे, त्याचे निदान आणि उपचारही आहेत. दीर्घ ताणात मात्र ग्रंथी सहसा नासत नाही. बिघडते ती तिची लय. काहींच्या बाबतीत कॉर्टिसॉल चढेच राहते, तर काहींच्या बाबतीत सकाळ-रात्रीचा चढउतार सपाट होऊन जातो. तेव्हा दोष ग्रंथीचा नव्हे. तिच्याकडे अखंड येणाऱ्या निरोपांचा उगम कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. आणि तो शोध आपल्याला शरीराबाहेर, माणसांच्या परस्परसंबंधांत घेऊन जातो.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात झालेला एक अभ्यास या दृष्टीने फार बोलका आहे. डॉ. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या, आणि वय व कौटुंबिक उत्पन्न यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या, परंतु अशी जबाबदारी नसलेल्या आणखी १३ स्त्रिया घेतल्या. सर्वांच्या हातावर त्यांच्या संमतीने साडेतीन मिलिमीटर रुंदीची अगदी लहान जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात याची नोंद ठेवली. जबाबदारी नसलेल्या स्त्रियांची जखम सरासरी सुमारे ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना सुमारे ४९ दिवस लागले. अभ्यास लहान होता हे खरे, पण ताणाने जखमा उशिरा भरतात, हे त्यानंतरच्या इतर प्रयोगांतही दिसून आले.

त्या नऊ-दहा दिवसांवर आपण थोडे थांबून विचार केला पाहिजे. या स्त्रियांनी कोणते पाप केले नव्हते. त्या दुबळ्या मनाच्या नव्हत्या. उलट, समाज ज्याला सद्गुण म्हणतो तेच त्या आचरीत होत्या. आपल्याला आता ओळखतही नसलेल्या माणसाला त्या भरवीत होत्या, धूतपुसत होत्या, रात्री त्याच्या हाकेला उठत होत्या. तरीही त्यांच्या शरीराने त्यांच्या सद्गुणाला सवलत दिली नाही. प्रेमाने केलेले जागरण आणि सक्तीचे जागरण यांत आत्म्याच्या लेखी जमीन-अस्मानाचे अंतर असेल, पण जखमेला दोन्ही जागरणेच.

आपल्या घराघरांतूनही अशा स्त्रिया आहेत. सासूबाई आठ वर्षे अंथरुणावर होत्या, सुनेने कधी हूं की चूं केले नाही, असे मयतीच्या मिस्सानंतर अंगणात उभे राहून लोक बोलतात. ते खरे असते आणि मनापासूनही बोललेले असते. पण त्या आठ वर्षांत त्याच अंगणातून किती जण आत आले, किती रात्री दुसरे कोणी खाटेपाशी बसले, हा प्रश्न त्या गौरवाच्या शब्दांत विरून जातो. स्तुतीचा एक धोका असा, की ज्याची स्तुती केली त्याचे ओझे आपण उचलले, असा भास ती स्तुती करणाऱ्याला करून देते. कुरकुर न करणारा माणूस सर्वांनाच सोयीचा असतो.

ताणाविषयीचा आधुनिक उपदेश याच्या अगदी विरुद्ध टोकाचा वाटतो, पण तोही फारसा वेगळा नाही. तो सांगतो, स्वतःची काळजी घ्या, दीर्घ श्वसन करा, फिरायला जा, सकारात्मक विचार करा. या गोष्टी वाईट नाहीत. व्यायामाचा आणि झोपेचा उपयोग होतोच. परंतु ज्या बाईला दहा मिनिटे घराबाहेर पडता येत नाही, तिला फिरायला जा म्हणून सांगण्यात काय अर्थ? जुना उपदेश म्हणतो, सोस. नवा म्हणतो, ताण घेऊ नकोस. दोघेही ओझे जेथल्या तेथे ठेवतात आणि त्याखालच्या माणसालाच शिकवण देतात. ताण हा केवळ व्यक्तीचा प्रश्न मानला, की तो लादणारे कसे नामानिराळे राहतात, याचे एक खेदजनक उदाहरण खुद्द सेलिये यांच्याच आयुष्यात आहे. तंबाखू कंपन्यांकडून त्यांना संशोधनासाठी पैसा मिळत होता, आणि काही माणसांना धूम्रपानाने ताणापासून आराम मिळतो असे मत ते मांडीत होते, ही गोष्ट पुढे उघड झालेल्या कागदपत्रांतून स्पष्ट झाली. त्यांच्या मूळ शोधाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण विचाराची दिशा चुकली की खऱ्या ज्ञानाचाही कसा उपयोग करून घेतला जातो, हे त्यावरून कळते.

ओझे कोणावर पडते हाही योगायोग नसतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील हजारो नोकरदारांच्या आरोग्याचा अभ्यास १९६७ पासून सुरू झाला. त्या कचेऱ्या ज्या रस्त्यावर आहेत, त्यावरून तो व्हाइटहॉल अभ्यास म्हणून ओळखला जातो. मोठ्या जबाबदारीचे अधिकारी ताणाने लवकर जातात, अशी सर्वसामान्य समजूत होती. आढळले ते उलटेच. तळच्या श्रेणीतील शिपाई व दरवान यांचे मृत्यूचे प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते, आणि धूम्रपानादी कारणे हिशेबात घेऊनही ही दरी पुरती बुजत नव्हती. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सर मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०,३०८ स्त्री-पुरुषांची पाहणी केली. आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा नव्हता, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे तीत दिसून आले. म्हणजे केवळ कष्टांनी माणूस तितका झिजत नाही, जितका तो आपल्या हाती काही नाही या जाणिवेने झिजतो. घरातही हेच असते. निर्णय एकाचे आणि राबणे दुसऱ्याचे, अशी वाटणी झाली की घोर लागतो तो राबणाऱ्याच्याच जिवाला.

मग सोसणे व्यर्थ आहे काय? आम्हांला तसे मुळीच वाटत नाही. सोसण्याची तयारी नसेल तर कोणतेही प्रेम दोन दिवसांपलीकडे टिकणार नाही. जी आई आजारी बाळासाठी रात्र रात्र जागते, तिला आरोग्याचा हिशेब सांगणे हा पोरकटपणा होईल. शिवाय काही ओझी उतरवता येतच नाहीत. स्मृतिभ्रंश झालेली आई बरी होणार नाही, आणि ती ओझे झाली आहे असे तिला वाटू देणे हा दुसरा अन्याय ठरेल. तेव्हा प्रश्न सोसावे की सोसू नये असा नाही. आपण होऊन सोसणे हा सद्गुण आहे. दुसऱ्याने एकट्याने सोसावे अशी अपेक्षा धरणे हा सद्गुण नव्हे. पहिली गोष्ट प्रेमाच्या कक्षेत येते, दुसरी न्यायाच्या. आणि न्यायाच्या जागी प्रेमाचे गोडवे गायले, की दोहोंचाही अपमान होतो.

क्रुसाच्या वाटेवरचे पाचवे स्थान आपल्याला परिचित आहे. शिमोन कुरेनेकर तेथे क्रूस वाहण्यास हातभार लावतो. तो आपण होऊन पुढे आला नव्हता, त्याला सैनिकांनी बळेच धरून आणले होते. तरीही भाविकांनी शतकानुशतके ते स्थान वगळलेले नाही. ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर घेतले गेल्याने त्या वाटेचे पावित्र्य उणे झाले, असे कोणी मानत नाही. मग आपल्या घरातील एखादीने मदत मागितली तर तिची सेवा उणी पडली असे का मानावे?

शरीरशास्त्रही येथे एक आशेची गोष्ट सांगते. माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की भीतीचा प्रसंग आला असता एकट्या माकडाच्या रक्तात कॉर्टिसॉल जितके वाढते, तितके ओळखीच्या सोबत्यांत असताना वाढत नाही. भीतीचे कारण तेच असते, फक्त जवळ कोणीतरी असते. संकट न टळताही ग्रंथीकडे जाणारा निरोप सौम्य होतो. मराठीत याला फार सुंदर शब्द आहे, सोबत. अंधारातून जाताना आपण दिवा मागतो त्याआधी सोबत मागतो, हे काही उगीच नव्हे.

ही सोबत कशी द्यावी, हे ठरवण्यास मोठ्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. आजाऱ्याच्या घरी भेटीला जाताना फळे नेण्याची आपली रीत चांगली आहे. तिच्या जोडीला एक दुपार नेता येईल. शहरात राहणाऱ्या भावाने बहिणीला पैसे पाठवावेत, पण महिन्यातील दोन रात्रीही स्वतः येऊन आईच्या खाटेपाशी काढाव्यात. घरातील पुरुषांनी पाजणे-भरवणे, अंग पुसणे शिकून घ्यावे, कारण ती कामे कोणा एका लिंगाच्या वाट्याला निसर्गाने दिलेली नाहीत. धर्मग्रामातील संघटनांनी वारांप्रमाणे पाळ्या लावाव्यात. आणि जी व्यक्ती सेवा करते आहे, तिला कधी कंटाळा आला, राग आला, रडू आले, तर तिची श्रद्धा कमी पडली असा निवाडा कोणी देऊ नये. तो तिच्या श्रद्धेचा विषयच नव्हे. मूत्रपिंडांवरच्या त्या दोन इवल्या ग्रंथींनी इमानाने बजावलेल्या, पण फार लांबलेल्या चाकरीचा तो परिणाम आहे.

मध्यरात्री कॉर्टिसॉल सर्वांत खाली उतरते आणि शरीर आपली डागडुजी करते. ज्या घरी घोर लागला आहे, तेथे नेमकी हीच वेळ हिरावली जाते. म्हणून अशा घरी गेल्यावर, "तू धन्य आहेस, बाई," एवढे म्हणून परतण्यापेक्षा, "आज रात्री मी बसते, तू झोप," असे म्हणणे अधिक धर्माचे ठरेल.